इंडियाच्या महिला फुटबॉल टीमची कोच व्हायचंय? सुरुवात संध्याकाळी साडेपाचच्या ग्राउंडवरून

परवा प्रॅक्टिस संपली, मी मार्कर्स गोळा करत होते, तेवढ्यात बारावीतली एक पोरगी जवळ आली आणि म्हणाली ताई, मला खेळण्यापेक्षा शिकवायलाच जास्त मजा येते, इंडियाच्या मुलींच्या टीमची कोच व्हायला काय करावं लागतं? मी म्हटलं आधी बिब मोज, म्हणजे टीम ओळखायला टीशर्टवरून घालतात ती रंगीत बंडी. पंधरा हवे होते, चौदा निघाले, पंधरावं शोधेपर्यंत अंधार झाला आणि वॉचमनकाका किल्ल्या वाजवत उभे राहिले, त्यामुळे उत्तर राहूनच गेलं. तेच आता बसून लिहितेय, तिच्यासाठी आणि जिच्या जिच्या डोक्यात हा किडा वळवळतोय तिच्यासाठी.

माझं सांगायचं तर युनिव्हर्सिटीपर्यंत खेळले, बीपीएड म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी केली, आता सकाळी शाळेत पीटी आणि संध्याकाळी पोरींचं फुटबॉल असं बारा वर्षं चाललंय. कोचिंगचं सी लायसन्स आहे. नॅशनल टीमची खुर्ची मी फक्त टीव्हीवर बघितलीये, पण खालच्या पायऱ्या धडपडत चढलेय आणि वरच्या पायऱ्या कोण कशा चढलं ते वाचत बसायचा मला नाद आहे. तेव्हा यातलं खालचं अनुभवाचं आणि वरचं वाचलेलं, असं धरून चल.

ती खुर्ची आधी नीट बघून घे

खुर्ची जाम हलते. एकट्या २०२४ मध्ये आपल्या सीनियर महिला टीमला तीन कोच झाले, फेब्रुवारीत टर्कीच्या स्पर्धेला चाओबा देवी, ऑक्टोबरच्या सॅफला म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेला संतोष कश्यप आणि डिसेंबरात मालदीवच्या मॅचेसना स्वीडनचे योआकिम अलेक्झांडरसन. मग २०२५ मध्ये क्रिस्पिन छेत्री आले आणि ५ जुलैला चियांग माईमध्ये थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून टीम २०२६ च्या एशियन कपला पोचली, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून तिथे पोचायची ही आपली पहिलीच वेळ, मी त्या रात्री बिल्डिंगमध्ये एकटीच ओरडले, खालच्या काकूंना वाटलं काहीतरी पडलं.

त्याआधी मेमोल रॉकी होत्या, गोव्याच्या, स्वतः भारताकडून खेळलेल्या. २०१७ ते २०२१ त्यांनी टीम सांभाळली, २०१९ मध्ये बिराटनगरला सॅफ जिंकली, सलग पाचवी, त्याच वर्षी साउथ एशियन गेम्सचं गोल्डही आणलं. चार वर्षं म्हणजे आपल्याकडे दीर्घायुष्यच म्हणायचं. त्यांच्यानंतर आले थॉमस डेनर्बी, ज्यांनी स्वीडनला २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राँझ मिळवून दिलेलं आणि नायजेरियाला २०१८ चा आफ्रिकेचा कप. एवढा मुरलेला माणूस, घरच्या ग्राउंडवरचा २०२२ चा एशियन कप, इराणशी ०-० झालं, आणि पुढच्या मॅचच्या आधी कॅम्पमध्ये कोविड शिरला, मैदानात उतरायला लागणाऱ्या किमान तेरा जणीही उरल्या नाहीत, टीम स्पर्धेतूनच बाहेर. डाव मांडायच्या आधीच पट उधळला, यात कोचने काय करायचं सांग.

हे घाबरवायला सांगत नाहीये. फक्त घरी सांगताना 'मी नॅशनल कोच होणार' असं सांगू नकोस, 'मी फुटबॉल कोच होणार' एवढंच सांग, तेवढ्यानेसुद्धा घरात पुरेसा गोंधळ होतो. त्या खुर्चीवर कोणाला बसवायचं ते दिल्लीत ठरतं आणि तुझ्या हातात नसतं, तुझ्या हातात काय आहे तर तुझ्या ग्राउंडवर पोरी येतायत का आणि पुढच्या वर्षीही येतायत का. मी तर म्हणेन महिला फुटबॉलच्या कोचचं निम्म्याहून जास्त काम हेच आहे, आणि लायसन्सच्या कोर्समध्ये ते सगळ्यात कमी शिकवतात.

लायसन्सचं एकदाचं उरकून टाकू

लोक याच्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात आणि खरं तर हा सगळ्यात सरळ भाग आहे. खाली डी लायसन्स, मग सी, मग बी, मग ए, आणि सगळ्यात वर प्रो. डी हे आपल्या एआयएफएफचं म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, त्याच्या वरची एएफसीच्या म्हणजे आशियाच्या पद्धतीने चालतात. अठरा पूर्ण झाली की डीचा विचार कर. महाराष्ट्रात हे कोर्स विफा म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेमार्फत होतात, कधी मुंबईत, कधी आपल्याकडे पुण्यात, तारखा आल्या की जागा पटकन भरतात, त्यामुळे एआयएफएफच्या आणि विफाच्या साइटवर दर पंधरा दिवसांनी नजर टाकत जा. पुण्यातली जी जिल्हा संघटना आहे, पीडीएफए, तिथेही ओळख ठेव, कोर्सची बातमी बऱ्याचदा आधी तिथे कळते.

कोर्समध्ये वर्गात थिअरी असते आणि ग्राउंडवर तुला एक विषय देतात, समज 'पास देऊन जागा बदलणे', बाकीचे कोर्सवाले तुझे खेळाडू होतात, तू सेशन घ्यायचं आणि इन्स्ट्रक्टर वही घेऊन बाजूला उभा. मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा चार मिनिटं नुसती बोलत होते. शाळेत शिकवायची सवय ना. इन्स्ट्रक्टर म्हणाला मॅडम, बॉल थंड पडला. तेव्हापासून माझा नियम, तीस सेकंदांत मांडणी सांगायची, एकदा करून दाखवायचं, सुरू करायचं, चुकलं की 'स्टॉप' म्हणून सगळ्यांना जागच्या जागी थांबवायचं, एकच गोष्ट दाखवायची आणि परत सुरू. एकच. दुसरी दिसली तरी गिळायची.

प्रत्येक लायसन्सच्या मध्ये काही काळ प्रत्यक्ष टीम सांभाळलेली असावी लागते, म्हणजे नुसते कोर्स करत सुटलीस तर चालत नाही. प्रोपर्यंत जायला दहा-बारा वर्षं धरून चल, तीही सगळं सुरळीत झालं तर. आणि बीपीएड की लायसन्स असं कुणी विचारलं तर दोन्ही. बीपीएड पोट भरतं, शाळेची नोकरी मिळते, पुण्यात गुलटेकडीला आगाशे कॉलेज आहेच, पण फुटबॉलमध्ये वर जायला लायसन्सच बघतात. सरिना वीगमन, जिने आधी हॉलंडला २०१७ चा युरो जिंकून दिला आणि मग इंग्लंडला २०२२ आणि २०२५ चा, ती आधी शाळेत पीटी शिकवायची. हे मी आमच्या स्टाफरूममध्ये किमान वीस वेळा सांगून झालंय, कुणाला काही वाटत नाही.

पोरी टिकवायच्या कशा

आता मुद्द्याचं. माझ्याकडे जूनमध्ये सातवी-आठवीच्या वीस-बावीस पोरी येतात. दहावीच्या जूनमध्ये त्यातल्या सहा उरतात. कधी पाच. एकीलाही फुटबॉलचा कंटाळा आलेला नसतो, हे लक्षात ठेव, मी जवळजवळ प्रत्येकीला विचारलंय. क्लासची वेळ बदलते, ग्राउंडवर धड बाथरूम नसतं, अंधार पडायला लागतो, आजी म्हणते पोरगी उन्हाने काळी पडली, गुडघा दुखतो आणि कुणी बघत नाही, पाळी आली की दोन दिवस दांडी आणि मग लाज वाटून तिसरा दिवसही दांडी. यातल्या प्रत्येक कारणावर कोच काहीतरी करू शकते आणि हेच तुझं खरं सिलॅबस समज.

ग्राउंड निवडताना गवत नंतर बघ, बाथरूम आधी बघ. खरंच सांगते. दार लागतं का, पाणी आहे का, कचऱ्याचा डबा आहे का. एका ठिकाणी आम्हाला झकास ग्राउंड मिळालेलं, गोलपोस्टला जाळीसकट, पण मुलींसाठी सोय शून्य, तीन महिन्यांत अर्ध्या पोरी गळाल्या. मग दुसरीकडे मातीच्या ग्राउंडवर गेलो जिथे शेजारच्या हॉलचं बाथरूम वापरू देत होते, पोरी परत आल्या. माझ्या किटबॅगेत बॉलपंपाच्या शेजारी पॅडचं पाकीट असतं, ते कुणी मागायचं नाही, सरळ घ्यायचं, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगते आणि विषय संपवते.

वेळ साडेपाच ते सात. हिवाळ्यात पाच ते साडेसहा. पोरी एकट्या जाणार नाहीत, दोघी-दोघींच्या जोड्या लावून द्यायच्या, ज्यांच्याकडे स्कूटी आहे त्या बसस्टॉपपर्यंत सोडतात, सगळ्या घरी पोचल्या की ग्रुपवर मेसेज, आणि शेवटचा मेसेज आल्याशिवाय मी जेवायला बसत नाही. हे कोचिंग नाही असं वाटेल, पण ज्या दिवशी एकीच्या बाबांना कळतं की ही बाई मेसेजची वाट बघत बसते त्या दिवसापासून ते फीपण वेळेवर भरतात आणि मॅचला गाडीपण काढतात.

आईबाबांशी बोलायचं ते पोरगी सोडून जायच्या आधी बोलायचं. नंतर बोलून उपयोग नसतो, तोपर्यंत क्लासची फी भरलेली असते. नववीच्या दिवाळीतच मी घरी जाते, चहा घेते आणि दहावीचं टाइमटेबल त्यांच्यासमोर मांडते, आठवड्यात तीन ऐवजी दोन दिवस, जानेवारीपासून एकच दिवस, फेब्रुवारीत सुट्टी, परीक्षा संपली की तिसऱ्या दिवशी ग्राउंडवर. शालेय स्पर्धांत चांगली कामगिरी झाली तर दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात हेही सांगते, हे वाक्य ऐकलं की बरेच बाबा पेपर खाली ठेवतात. पण गुणांचं आमिष दाखवून कधी खोटं आश्वासन देऊ नकोस, पुण्यात बातमी लगेच फिरते.

कपड्यांवरून वाद घालू नकोस. शॉर्ट्सखाली लेगिंग घालायचीये, घालू दे, स्कार्फ बांधून खेळायचंय, खेळू दे. पुण्यातल्या कॅम्प आणि कोंढवा भागातून माझ्याकडे ज्या पोरी येतात त्यांचे रोजे असतात तेव्हा मी त्यांना पळवत नाही, पासिंग आणि सेट पीसचं म्हणजे फ्री किक, कॉर्नरचं काम देते, आणि सेशन लवकर संपवते म्हणजे इफ्तारला घरी पोचता येतं. एक गोष्ट मात्र मी अडून मागते, नीट मापाचे स्टड्स म्हणजे फुटबॉलचे बूट, आणि स्पोर्ट्स ब्रा. भावाचे जुने स्टड्स दोन नंबर मोठे घालून येतात, मग पाय आत फिरतो आणि घोटा जातो.

अजून एक, आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस. २०२२ मध्ये आपल्या अंडर-१७ मुलींची टीम युरोपच्या टूरवर असताना गैरवर्तनाच्या आरोपावरून असिस्टंट कोचला परत बोलावलं आणि नंतर काढून टाकलं. त्यामुळे नियम पहिल्या दिवसापासून, कुठलाही कोच, मीसुद्धा, एकट्या पोरीबरोबर बंद खोलीत नाही, पर्सनल चॅट नाही, जे काय ते आईवडील असलेल्या ग्रुपवर, बाहेरगावी गेलो तर सोबत एक तरी बाई मॅनेजर हवीच. कुणी म्हणेल एवढा संशय कशाला. म्हणू दे.

सेशनमध्ये काय घ्यायचं

दीड तासाचं माझं साधं गणित. पहिली वीस मिनिटं वॉर्मअप, पण ग्राउंडला दोन राउंड मारा असला नाही. फिफाचा इलेव्हन प्लस नावाचा वॉर्मअप आहे, पंधरा व्यायाम, तीन भाग, पळणं, मग ताकद-उडी-तोल, मग परत पळणं, फुकट मिळतो, व्हिडिओ आहेत. नॉर्वेतल्या शाळकरी वयाच्या मुलींवरच त्याचा मोठा अभ्यास २००८ मध्ये आला आणि दुखापती बऱ्याच कमी झालेल्या दिसल्या. आपल्याला याची गरज जास्त का, तर गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट मुलींचा मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुटतो, उडी मारून खाली येताना गुडघा आत वळतो तेव्हा. म्हणून उडीनंतर गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहतायत का हे मी रोज बघते, रोज म्हणजे रोज, माझ्या पोरी मला 'गुडघा ताई' म्हणतात आणि मला ते ठाऊक आहे.

मग पंधरा मिनिटं रोंडो, म्हणजे गोलात उभं राहून एकमेकींना पास आणि मधलीला बॉल लागू द्यायचा नाही, लहानपणी आपण माकड-माकड खेळायचो तेच. मग जो त्या दिवसाचा विषय असेल तो वीस-पंचवीस मिनिटं, आणि उरलेला सगळा वेळ चारास चार किंवा पाचास पाच मॅच. अकरास अकरा लावलं की ज्या दोघी-तिघी जोरदार आहेत त्याच खेळतात आणि बाकीच्या कंबरेवर हात ठेवून सूर्यास्त बघतात. लहान मॅचमध्ये बॉल सगळ्यांकडे येतो. बारा वर्षांच्या आतल्यांना चार नंबरचा बॉल दे, पाच नंबरचा नको, पाय घाबरतो.

पावसाळ्यात ग्राउंडचा चिखल होतो, जुलैमध्ये आठवडाच्या आठवडा वाया जातो. तेव्हा टर्फ भाड्याने घ्यायला पैसे नसतील तर शाळेचा पॅसेज, जिना, वर्ग, काहीही चालतं, भिंतीवर पासिंग घे, व्हिडिओ दाखव. उघडीप मिळाली की रविवारी सकाळी तळजाई नाहीतर वेताळ टेकडी. चढ चढताना ज्या पोरी गप्पा मारतात त्यांचा स्टॅमिना आहे, ज्यांची बोलती बंद होते त्यांच्यावर लक्ष ठेव, आणि ज्या दर वेळी मागे पडतात आणि ओठ फिके दिसतात त्यांच्या आईला हिमोग्लोबिन तपासायला सांग. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना ॲनिमिया आहे, सरकारच्याच पाहणीतला आकडा आहे, म्हणजे तुझ्या अकरा जणींतल्या सहा. आळशी म्हणून आपण जिला ओरडतो ती बऱ्याचदा आळशी नसते, तिच्या रक्तात लोह नसतं. मी एकीला वर्षभर ओरडले होते, रिपोर्ट आला तेव्हा मान वर करून बघवेना. डॉक्टरांच्या गोळ्या असतातच, बरोबर हळिवाचे लाडू, मटकीची उसळ लिंबू पिळून, शेंगदाणे-गूळ, आणि प्रॅक्टिसनंतर लगेच अमृततुल्यकडे धावायचं नाही, जेवणाबरोबरचा चहा लोह शोषू देत नाही.

पुण्यातून वर कसं जायचं

शाळेच्या टीमपासून सुरू होतं. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात, मुलींचा सुब्रोतो कप, म्हणजे शाळांची देशपातळीवरची स्पर्धा, अंडर-१७ चा असतो. तुझी टीम जिल्ह्यात दोन-तीन वर्षं दिसत राहिली की लोक नाव ओळखायला लागतात. मग क्लब, पीडीएफएची महिला लीग. तिथून पुढे महाराष्ट्राच्या टीमबरोबर कुठलंही काम मिळालं तर घे, असिस्टंट, कीपर कोच, मॅनेजर, पाण्याच्या बाटल्या, काहीही. राज्यांची जी सीनियर महिला राष्ट्रीय स्पर्धा आहे तिला आता राजमाता जिजाबाई ट्रॉफी म्हणतात, आपल्या जिजाऊंच्या नावाची, आणि ती सगळ्यात जास्त वेळा जिंकलीये मणिपूरने. मणिपूरची टीम वॉर्मअप करताना जरी बघितलीस तरी दोन वर्षांचं शिक्षण होईल.

त्याच्या पुढे इंडियन विमेन्स लीग, २०१६-१७ च्या मोसमात सुरू झाली. नॅशनल टीमचा रस्ता आता बऱ्यापैकी इथून जातो. क्रिस्पिन छेत्रींनी ओडिशा एफसीला २०२३-२४ ची लीग जिंकून दिली आणि मग त्यांच्याकडे टीम आली. त्यांच्याबरोबर असिस्टंट म्हणून असलेल्या प्रिया पी व्ही यांनी २०१९-२० मध्ये गोकुलम केरळला लीग जिंकून दिलेली. थोडक्यात काय तर लीगमध्ये काहीतरी करून दाखवायचं, ज्युनियर नॅशनल टीमबरोबर असिस्टंट म्हणून शिरायचं आणि मग वरची जागा निघाली की अर्ज. पुण्यात आता सीनियर पातळीचा मोठा क्लब नाही, पुणे एफसी गेला, एफसी पुणे सिटी गेला, म्हणून कधीतरी पुणे सोडावं लागेल हे आत्ताच मनाशी धरून ठेव. ओडिशा, केरळ, तामिळनाडू, जिथे काम मिळेल तिथे.

आणि बायकांना हेड कोच करतात का, हा प्रश्न तू विचारला नाहीस पण मनात असेल. २०२३ च्या वर्ल्ड कपला ३२ टीम होत्या, त्यात बायका कोच १२. म्हणजे बायकांच्याच वर्ल्ड कपमध्ये निम्म्याही नाहीत. चिडायला भरपूर जागा आहे, चिडून झालं की बी लायसन्सचा फॉर्म भर.

तिथे पोचल्यावर काम कसं असतं

क्लबच्या कोचला पोरी रोज मिळतात. नॅशनल कोचला त्या फिफाच्या ठरलेल्या विंडोमध्ये, म्हणजे देशांच्या मॅचसाठी राखून ठेवलेल्या दिवसांत, आणि कॅम्पमध्ये मिळतात, काही दिवस मिळतात आणि परत जातात. त्यामुळे तिथे कुणाला डाव्या पायाने पास शिकवत बसायला वेळ नसतो, जे येतं ते कुठे वापरायचं एवढंच ठरवायचं. बाकीचा काळ मॅच बघणं, व्हिडिओ, क्लबच्या कोचना फोन, दुखापतींचे रिपोर्ट, आणि ज्यांना घेतलं नाही त्यांना फोन करून सांगणं. हा शेवटचा फोन आत्तापासून करायला शीक. शाळेच्या टीममधून पोरगी वगळली तर नोटीस बोर्डावर नाव न दिसून तिला कळू देऊ नकोस, तिला बाजूला घेऊन कारण सांग, खरं कारण. माझं नाव एकदा असंच बोर्डावर नव्हतं, तो बोर्ड मला अजून दिसतो.

भाषा हा दुसरा मोठा प्रकार. टीममध्ये मणिपूर, तामिळनाडू, ओडिशा, हरियाणा, बंगाल सगळीकडच्या पोरी, हाफटाइमला पंधरा मिनिटं, त्यात पाणी, पट्ट्या, रडारड, तुला बोलायला मिळणार चार-पाच मिनिटं, आणि तेही सगळ्यांना कळेल अशा हिंदीत. तेव्हा आपली 'मेरेको तेरेको' हिंदी थोडी सुधार, इंग्लिशपण, कारण वरचे कोर्स आणि रिपोर्ट त्यातच असतात.

हाफटाइमवरून आठवलं. २०२२ च्या एशियन कपच्या दोन्ही सेमीफायनल आपल्या पुण्यातच, बालेवाडीत झाल्या, कोविडचे दिवस, आम्ही सगळ्या आपापल्या घरी मोबाइलवर. चीन-जपान मॅच, चीन एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटापर्यंत १-२ मागे, ११९ व्या मिनिटाला वांग शानशानने बरोबरी केली आणि पेनल्टीवर काढली. फायनल नवी मुंबईत, हाफटाइमला कोरियाकडून ०-२ मागे, आणि शेवटी ३-२ जिंकले. त्यांची कोच शुई छिंगशिया, १९९६ च्या ऑलिम्पिकमध्ये सिल्व्हर मिळवलेल्या टीममधली खेळाडू, आणि टीम हातात येऊन तिला जेमतेम तीन महिने झालेले. मी ती फायनल पोरींना दरवर्षी दाखवते, दुसऱ्या हाफमध्ये बदलून आलेल्या पोरी कुठे पळतात तेवढंच बघायला लावते, कारण कोचचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही पण तिने काय बदललं ते त्यांच्या पळण्यात दिसतं. आणि तिथेच, बालेवाडीतच, फिलिपिन्सने चायनीज तैपेईला पेनल्टीवर हरवून पहिल्यांदा वर्ल्ड कपचं तिकीट काढलं, त्यांचे कोच ऑस्ट्रेलियाचे अलेन स्टाइचिच. एवढं सगळं आपल्या घरापासून पीएमपीच्या एका बसवर घडलंय.

पैशाचं

कोचिंगवर घर चालवायला सुरुवातीची पाच-सात वर्षं विसर. शाळेची नोकरी असेल तर ती धरून ठेव, सकाळची शाळा असेल तर सोन्याहून पिवळं, संध्याकाळ मोकळी. फी ठेव, कमी ठेव पण ठेव, फुकट शिकवलं की लोक पोरीला लग्नाला न्यायला प्रॅक्टिस आधी बुडवतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्याकडून घेऊ नकोस आणि ते कुणाला सांगूही नकोस. वरच्या लायसन्सना खर्च मोठा असतो, त्यासाठी वेगळं आरडी उघड, मी उघडलंय, दोनदा मोडलंय.

आणि काढून टाकतात. छोट्या क्लबमध्येही काढतात. मला एका अकॅडमीने मेसेज करून काढलं होतं, पगाराचे दोन महिने अजून यायचेत. एमा हेज नावाच्या कोचला २०१० मध्ये शिकागोच्या क्लबने काढलं, २०१२ मध्ये ती चेल्सीला गेली, तिथे बारा वर्षं राहिली आणि २०२४ मध्ये पॅरिसला अमेरिकेला ऑलिम्पिक गोल्ड जिंकून दिलं. माझं काही गोल्ड वगैरे नाही, मी दुसऱ्याच आठवड्यात शाळेच्या ग्राउंडवर परत सुरू केलं, जुन्या अकॅडमीतल्या नऊ पोरी मागोमाग आल्या. करार मात्र तेव्हापासून कागदावर घेते, तूही घे.

वही आत्ताच सुरू कर. रोजचं सेशन, किती आल्या, कोण का आली नाही, काय चाललं, काय फसलं. चार ओळी बास. पुढे लायसन्सच्या कोर्सला, मुलाखतीला हीच वही कामाला येते, आणि कोण सलग तीन वेळा आली नाही ते डोक्यात राहत नाही, कागदावर दिसतं. तिसऱ्या दांडीला फोन, चौथीची वाट बघायची नाही. मोबाइल भिंतीवर ठेवून का होईना मॅचचं शूटिंग कर आणि घरी बघ, ग्राउंडवर उभं राहून आपल्याला जे दिसतं ना त्यातलं निम्मं चुकीचं असतं.

आणि तू, बारावीवाली, शनिवारी सव्वापाचला ये. लहान पोरींचा ग्रुप वीस मिनिटं तुझा, विषय पासिंग, सेशन कागदावर काढून आण, मार्कर्स कुठे ठेवणार तेसुद्धा. शिट्टी स्वतःची आण, माझी मी कुणाला देत नाही. पंधरावं बिब सापडलं, गाडीच्या डिकीत होतं.